जुनी शाळा वाचवायची असेल तर आधी अंदाजपत्रक मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वस्तीतली शंभर वर्षे जुनी शाळा पाडणार असल्याची बातमी आली की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. माजी विद्यार्थी फाटकाशी जमतात, कुणी घंटेचे छायाचित्र काढतो, कुणी तिसरीतल्या बाईंची आठवण सांगतो, सह्यांची मोहीम निघते, एखादे निवेदन दिले जाते आणि दोन-तीन महिन्यांत पाडकामाची यंत्रे दारात उभी राहतात. मग लोकभावनेची कदर झाली नाही, अशी तक्रार होते. त्या भावनेविषयी मला आदर आहे. माझीही तशी एक शाळा होती आणि ती आज उभी नाही. परंतु लोक फाटकाशी पोहोचतात तेव्हा निर्णय होऊन वर्ष-दोन वर्षे उलटून गेलेली असतात, आणि तो दुरुस्ती की नवे बांधकाम अशा एका तुलनात्मक अंदाजपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात झालेला असतो. जुन्या शाळांसाठी झटणाऱ्यांनी आठवणी सांगण्याआधी तो रकाना वाचायला मागावा, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता होतो आणि जुन्या इमारती तपासून अहवाल देणे हे काम मी बरीच वर्षे केले. अशाच एका शाळेच्या वरच्या मजल्यावर एका वर्गाची भिंत छतापासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत काळी पडलेली होती. गिलाव्याचे पोपडे सुटले होते, फळ्याची लाकडी चौकट बोटाने दाबली तरी दबत होती आणि आधीच्या अहवालात त्या वर्गासमोर ‘भिंत कमकुवत, वापरास अयोग्य’ असा शेरा होता. शिडी लावून छतावर गेलो, तर पन्हळीच्या तोंडात एक रबरी चेंडू अडकला होता. त्याच्यामागे कित्येक पावसाळ्यांचा पालापाचोळा कुजून त्याची माती झाली होती आणि त्या मातीत पिंपळाचे वीतभर रोप मजेत वाढत होते. खाली जाणारा पाइप बंद झाल्यामुळे पाणी भिंतीत उतरत होते. चेंडू काढला, पाइप मोकळा केला, पिंपळाची मुळे दरजा उकरून काढावी लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंत वाळल्यावर आतल्या विटा शाबूत निघाल्या. खिडकीवरची एक तुळई मात्र खरोखरच कुजली होती. ती बदलावी लागली. चेंडू किती वर्षे तिथे होता, कुणास ठाऊक. पण त्या काळात छतावर कुणी गेले नव्हते, एवढे नक्की.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण जुन्या शाळांच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात पाण्यापासून होते आणि पुढे ती औषधानेच वाढतात. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेरही टाकते. तिच्या दरजांमध्ये कडक सिमेंट भरले आणि वरून सिमेंटचाच गिलावा चढवला, की आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चुन्यापेक्षा कठीण झालेल्या त्या दरजांशेजारी विटांचेच पापुद्रे सुटू लागतात. दहा वर्षांनी येणारा तपासनीस त्या विटा पाहून इमारतीचे आयुष्य संपले असे लिहितो. वास्तविक आयुष्य संपले होते ते चुकीच्या डागडुजीचे.

म्हणून ‘धोकादायक’ हा शब्द अहवालात दिसला की पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. कोणता भाग धोकादायक आहे, कशामुळे आहे, भार कुठून कुठे जातो, चाचणी केली की डोळ्यांनी पाहून ठरवले, तो भाग दुरुस्त होतो का आणि होत नसेल तर का नाही, एवढे तरी त्यात असायला हवे. एका जिन्याचा कठडा हलतो म्हणून आठ वर्गखोल्यांचे निर्लेखन करावे, म्हणजे त्या वापरातून काढून पाडाव्यात, असा अहवाल मी पाहिलेला आहे. तो लिहिणारा माणूस अप्रामाणिक नव्हता. इमारत राहू द्या असे लिहून उद्या काही पडले तर जबाबदारी आपल्यावर येईल आणि पाडा असे लिहिले तर कुणीच विचारणार नाही, हे त्याला पक्के माहीत होते. अशा अहवालावर आक्षेप घ्यायचा असेल तर जुन्या बांधकामाची जाण असलेल्या दुसऱ्या अभियंत्याचे मत घेण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि ते घ्यायला वस्तीने वर्गणी काढली तर ती फलकांवर खर्च होणाऱ्या वर्गणीपेक्षा सत्कारणी लागेल.

आता त्या शेवटच्या रकान्याकडे वळतो. या प्रश्नाची सर्वांत सविस्तर चर्चा अमेरिकेत झाली. तेथील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ही संस्था धोक्यात आलेल्या ऐतिहासिक स्थळांची यादी दरवर्षी जाहीर करते. २००० साली त्या यादीत तिने एखादी विशिष्ट वास्तू न घेता देशभरातल्या वस्तीतल्या जुन्या शाळा अशी संपूर्ण वर्गवारीच घातली. शाळा का पडतात याचा शोध घेताना जे हाती लागले त्यात माया-ममतेचा भाग थोडा आणि नियमांचा भाग मोठा होता. अनेक राज्यांत असा दंडक होता की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या एका ठरावीक हिश्शाहून अधिक झाला तर नवीच इमारत बांधावी. ओहायोमध्ये हा हिस्सा दोन-तृतीयांश होता. ऐकायला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. पण अशा तुलनेत नव्या शाळेच्या बाजूला केवळ बांधकाम धरले जाते, आणि जमीन, रस्ता, सांडपाण्याची वाहिनी, जुनी इमारत पाडून राडारोडा हलवण्याचा खर्च, दूरच्या जागेवर मुलांना नेण्या-आणण्यासाठी पुढची पन्नास वर्षे लागणाऱ्या बसगाड्या, हे सगळे दुसऱ्या कुठल्या तरी खात्याच्या वहीत लिहिले जाते. दुरुस्तीच्या बाजूला मात्र अनिश्चिततेपोटी भरघोस रक्कम आधीच मिळवलेली असते. शिवाय तुलना कशाची कशाशी चालली आहे तेही पाहावे लागते. जुन्या शाळेत जाड भिंती, उंच छत आणि पक्के लाकूड असते. नव्या अंदाजपत्रकातली इमारत किती वर्षे टिकेल असे गृहीत धरले आहे, हा प्रश्न मी ज्या ज्या बैठकीत विचारला तिथे थोडी शांतता पसरली.

यात आणखी एक मेख आहे. नव्या बांधकामाला वरून अनुदान मिळते आणि देखभाल-दुरुस्ती मात्र स्थानिक तिजोरीतून करावी लागते, अशी व्यवस्था जिथे असते तिथे पन्हळ साफ न करणे हा आळस राहत नाही, तो व्यवहार ठरतो. इमारत पुरेशी खराब होईपर्यंत थांबले की नवी बांधायला पैसे दुसरा देतो. ही व्यवस्था बदलायला लावणे हे कोणत्याही एका शाळेसाठी केलेल्या आंदोलनापेक्षा मोठे काम आहे, पण त्याला छायाचित्रे मिळत नाहीत आणि म्हणून बहुधा कार्यकर्तेही मिळत नाहीत.

दुसरा नियम एकरांचा. शाळांच्या आखणीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या एका अमेरिकी व्यावसायिक परिषदेने प्राथमिक शाळेला दहा एकर आणि दर शंभर विद्यार्थ्यांमागे आणखी एक एकर, माध्यमिक शाळेला वीस आणि उच्च माध्यमिकला तीस एकर व त्यावर तोच वाढीव हिशेब, असे प्रमाण सुचवले होते. म्हणजे दोन हजार मुलांच्या उच्च माध्यमिक शाळेला पन्नास एकर! दाट वस्तीत पन्नास एकर मोकळे कुठे सापडणार? ते गावाबाहेर सापडतात, म्हणून शाळा गावाबाहेर जाते आणि दोन-चार एकरांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली शाळा केवळ क्षेत्रफळावरून अपात्र ठरते. हे प्रमाण बंधनकारक कायदा नव्हते, तरी अनेक राज्यांनी ते तसेच उचलले होते. टीकेनंतर परिषदेने २००४ मध्ये ही एकरांची शिफारस मागे घेतली. एखाद्या शाळेसमोर धरणे धरून हे झाले नसते. त्यासाठी कुणीतरी मार्गदर्शक पुस्तिकेचे पान काढून, हा आकडा आला कुठून, असे विचारावे लागले.

शाळा दूर गेली की काय होते याचा एक आकडा त्याच देशातला आहे. १९६९ साली पाच ते चौदा वर्षांची ४८ टक्के मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात होती. २००९ मध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. सगळा दोष शाळेच्या जागेला देता येणार नाही, वाहनांची वर्दळ आणि पालकांची धास्तीही त्यात आहे. पण चालत जाण्याजोगी शाळाच उरली नाही तर धास्ती कमी होऊनही मूल चालणार नाही.

आणि ज्या इमारतींना आपण कालबाह्य म्हणतो त्या बांधणाऱ्यांनी केलेला विचार एकदा वर्गात उभे राहून पाहण्यासारखा असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कित्येक शाळांत खिडक्यांची मोठी रांग वर्गाच्या एकाच बाजूला, आणि तीही मुलांच्या डाव्या हाताला असते, कारण उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये. (डावखुऱ्या मुलांचा विचार त्या काळी कुणी केला नव्हता, त्यांना उजव्या हाताने लिहायला लावले जाई.) खिडक्या जवळजवळ छताला भिडतात, त्यामुळे उजेड वर्गाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचतो आणि गरम हवा वरून निघून जाते. पुढे कधीतरी तिथे खालचे खोटे छत बसवले जाते, खिडकीचा वरचा भाग पत्र्याने बुजवला जातो आणि मग वर्ग अंधारा व कोंदट असल्याचा शेरा पडतो. लंडनमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर तिथल्या स्कूल बोर्डाने ई. आर. रॉबसन या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली बांधलेल्या उंच खिडक्यांच्या कित्येक मजली शाळांमध्ये आजही वर्ग भरतात.

उजेडाचाच विचार, पण पैशांची चणचण असताना कसा होतो, हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रोझेनवाल्ड शाळांत दिसते. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांची कल्पना आणि उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांचे साहाय्य यांतून १९१२ ते १९३२ या काळात पंधरा राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा, शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा मिळून पाच हजारांहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. खेड्यात वीज नव्हती, म्हणून खिडक्यांचे मोठे संच पूर्व-पश्चिमेला यावेत असे नकाशेच तयार करून दिले जात. निधीची अट अशी होती की गावानेही वाटा उचलावा, आणि कृष्णवर्णीय समाजाने वर्गणीतून जमवलेली एकूण रक्कम रोझेनवाल्ड यांच्या निधीपेक्षा थोडी अधिकच भरली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या विभक्त शाळा घटनाबाह्य ठरल्यानंतर या इमारती हळूहळू ओस पडल्या. आज त्यांतल्या जेमतेम दहा टक्के शिल्लक असाव्यात असा अंदाज आहे. ज्या उरल्या त्या बहुतांशी तिथे शिकलेल्या माणसांनी आणि शेजारच्या चर्चमंडळींनी सभागृह, वाचनालय, ज्येष्ठांचे केंद्र असा काही ना काही वापर चालू ठेवल्यामुळे उरल्या. बंद खोलीपेक्षा वापरातल्या खोलीचे छत गळते आहे हे लवकर कळते, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर माझे पत्र एकतर्फी होईल. काही जुन्या शाळा खरोखरच घातक असतात आणि जुन्याच्या प्रेमापोटी ते नाकारणारा माणूस मुलांच्या जिवाशी खेळतो. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातील लाँग बीचला भूकंप झाला तेव्हा सुमारे ७० शाळा उद्ध्वस्त झाल्या आणि आणखी १२० शाळांचे मोठे नुकसान झाले. साध्या विटांच्या, लोखंडी गजांचा आधार नसलेल्या भिंती धक्का सोसू शकल्या नाहीत. शाळा सुटलेली होती म्हणून अनर्थ टळला. महिनाभरात त्या राज्याने शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा केला. शिकागोतील अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेच्या बाबतीत वेळ अशी साथ द्यायला आली नाही. १ डिसेंबर १९५८ रोजी तळघरातल्या जिन्याशी लागलेली आग उघड्या जिन्यातून वर चढली आणि ९२ मुले व तीन शिक्षिका जोगिणी गेल्या. इमारत जुनी म्हणून नव्या नियमांतून तिला सूट होती आणि थोड्याच आठवड्यांपूर्वी ती तपासणीत उत्तीर्णही झाली होती. म्हणून जुन्या शाळेला नियमांतून सूट मागणाऱ्या मोहिमेला माझा पाठिंबा नाही. जिना दारांनी बंदिस्त करणे, आग विझवणारे फवारे बसवणे, बाहेर पडायला दुसरी वाट काढणे, भिंतींना आतून पोलादी सांगाडा देणे, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी उद्वाहन बसवणे, ही कामे जुन्या इमारतींत होतात आणि जगभर झालेली आहेत. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात प्रामाणिकपणे धरावा आणि तरीही तुलना करावी. त्यानंतर पाडणेच योग्य ठरले तर ते मान्य करण्याचीही तयारी हवी.

लोकांचा आणखी एक गैरसमज असा की वारशाच्या यादीत नाव लागले की इमारत वाचली. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, पण तिच्यातली नोंद हा सन्मान आहे. स्थानिक किंवा खासगी पैशाने केले जाणारे पाडकाम ती रोखू शकत नाही. करसवलतीची गंमत तर याहून अधिक. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पुनरुज्जीवनाला तेथे खर्चाच्या २० टक्के कर-सवलत मिळते. जुन्या शाळेच्या सदनिका केल्या तर ती मिळू शकते. तीच इमारत दुरुस्त करून भाडेपट्ट्याने पुन्हा त्याच सरकारी शाळेला द्यायची म्हटले तर ‘पूर्ववापरा’चा नियम आडवा येतो, म्हणजे इमारत आधी वापरणाऱ्या त्याच करमुक्त संस्थेला ती परत भाड्याने दिली तर सवलत मिळत नाही. जुन्या इमारती टिकवण्यासाठी म्हणून केलेली सवलत अशी शाळा घालवण्याच्या कामी येते. आपल्याकडच्या याद्या आणि सवलतीही याच नजरेने तपासून पाहाव्यात. यादीत नाव आहे म्हणजे पाडण्यापूर्वी कुणाची परवानगी लागते, आणि ती न घेता पाडली तर काय होते?

वेळ किती महत्त्वाची असते याचे एक उदाहरण कॅन्सासमधल्या टोपेका शहरातले आहे. १९५४ चा तो निकाल ज्यात लागला त्या, विभक्त शाळांविरुद्धच्या ब्राऊन खटल्याशी जोडलेली मनरो प्राथमिक शाळा १९७५ मध्ये बंद झाली आणि १९९० मध्ये ती विक्रीला निघाल्याचे नागरिकांच्या लक्षात आले. त्यांनी लगेच हालचाल केली, जमिनींच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने इमारत विकत घेऊन ठेवली, १९९२ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि निकालाच्या पन्नासाव्या वर्षी, २००४ मध्ये, लोकांसाठी खुली झाली. याच शहरात याच खटल्यातली दुसरी शाळा, जिथे लिंडा ब्राऊन या कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश नाकारला गेला ती समनर शाळा, १९९६ मध्ये बंद होऊन कुलूपबंद राहिली आणि २००८ मध्ये धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेली. इतिहास दोघींचा सारखाच थोर. फरक पडला तो इमारत रिकामी झाल्यानंतर कोण किती लवकर आणि कोणता प्रस्ताव घेऊन आले याने. आपल्याकडे फुले दांपत्याने १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरवली तो भिडेवाडा वर्षानुवर्षे न्यायालयीन वादात राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्णावस्थेतच उतरवला गेला. तिथे स्मारक व्हावे हे योग्यच आहे. पण वाद चालू असताना पडत्या छताची काळजी घेण्याची जबाबदारी कुणावर होती, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारायला हवा, कारण दावा थांबतो तसा पाऊस थांबत नाही.

पटसंख्या घटल्याचे कारण पुढे केले जाते तेव्हाही प्रस्ताव हाताशी असावा लागतो. शिकागोने २०१३ मध्ये एकाच निर्णयात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या आणि त्यांतल्या कितीतरी इमारती पुढे वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. रिकाम्या शाळेतून आधी तांब्याच्या तारा आणि नळ जातात, मग काचा, मग छत, आणि मग परिसरातल्या लोकांनाच ती नकोशी होते. आठ खोल्यांपैकी तीन रिकाम्या असतील तर त्यांत बालवाडी, वाचनालय, आरोग्य केंद्र किंवा संध्याकाळचे वर्ग आणता येतील का, त्यांचा वीज-पाण्याचा वाटा कोण देईल, फाटकाची किल्ली कुणाकडे राहील, इतक्या तपशिलात उतरलेला कागद घेऊन गेलेले शिष्टमंडळ परत पाठवणे अधिकाऱ्यांना जड जाते. ‘पाडू नका’ एवढेच म्हणणारे शिष्टमंडळ चहा घेऊन परत येते.

पर्यावरणाचा मुद्दा थोडक्यात: नॅशनल ट्रस्टच्याच २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तीस टक्के अधिक ऊर्जाक्षम अशा नव्या इमारतीला तिच्या बांधकामाने झालेले हवामानाचे नुकसान भरून काढायला, प्रकारानुसार, दहा ते ऐंशी वर्षे लागतात. नव्या इमारतीच्या छतावरचे सौरपट दाखवले जातात तेव्हा हा आकडा जवळ ठेवावा.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे. जुनी शाळा पाडण्याच्या बातमीसोबत आपण दर्शनी भागाचे सुंदर छायाचित्र छापता, ते जरूर छापावे. पण त्याच चौकटीत तीन ओळी आणखी द्याव्यात: इमारत धोकादायक ठरवणारा अहवाल कोणत्या तारखेचा आहे आणि तो कुणाला पाहायला मिळतो, दुरुस्तीच्या आणि नव्या बांधकामाच्या अंदाजपत्रकांत जमीन, पाडकाम व वाहतूक धरली आहे का, आणि या इमारतीच्या छतावर देखभालीसाठी शेवटचे कोण, कधी चढले होते. तिसऱ्या ओळीचे उत्तर बहुतेक वेळा मिळणार नाही. तेही तसेच छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता